उन्हाळ्यात ढासळणारे बाथ बॉम्ब

सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड, त्यामुळे बाथटबचं नावच नको. आमच्या पोरांचे बाथ बॉम्ब, म्हणजे आंघोळीच्या पाण्यात टाकले की फसफसत विरघळणारे गोळे, प्लास्टिकच्या टबातच फुटतात, आणि ते पाणी नंतर संडासात ओततो.

प्रमाण सोपं: दोन वाट्या खायचा सोडा, एक वाटी सायट्रिक ॲसिड, एक वाटी कॉर्नफ्लॉर, वर दोन-तीन चमचे खोबरेल. मोदकाच्या साच्यात गच्च दाबायचं. थंडीत फक्कड जमले. एप्रिलमध्ये मात्र साचा उघडला की कळ्या गळून पडायच्या. पाण्याचा हबका मारला तर मिश्रण तिथेच फुगायचं, कारण ओल लागताच सोडा आणि ॲसिडमधून कार्बन डायऑक्साइड सुटायला लागतो. मग टबात काय फसफसणार, कपाळ?

गोम तेलात होती. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं आणि इथे पारा ४०च्या वर! मग टाचांच्या भेगांना लावतो ते कोकम तेल आणलं. त्याचा गोळा उन्हाळ्यातही घट्ट. खोबरेलाइतकंच घेऊन मंद आचेवर वितळवलं, कोरड्या मिश्रणात चोळलं आणि गार व्हायच्या आत भराभर साच्यात दाबलं. थोड्या वेळाने साचा उघडला, तर मोदकाची कळी न् कळी शाबूत.

वास-रंग मी घालतच नाही, पोरांची कातडी नाजूक. टबाचा तळ तेलाने निसरडा होतो, तेव्हा पोरांजवळ थांबा. पाणी डोळ्यांत गेलं तर झोंबतं. आणि मोदक दिसला की धाकटा तोंडात घालणारच, म्हणून डबा वरच्या फळीवर.