शर्यत 15 दिवसांवर आली की जिममध्ये काय करायचं

विभागीय स्पर्धेला तीन दिवस उरले होते. मी 400 मीटरवाला. ताकद कमी पडेल या एकाच भीतीने संध्याकाळी नाशिकच्या पंचवटीतल्या जिममध्ये गेलो. एरवी 80 किलोवर स्क्वॉटचे (खांद्यावर वजन घेऊन उठाबशा) पाच सेट, म्हणजे पाच फेऱ्या, मारायचो, त्या दिवशी आठ मारले. वर लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकायचं), तेही आयुष्यात पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला. शर्यतीत 250 मीटरपर्यंत ठीक गेलं, मग मांड्या अशा भरून आल्या की पाय उचलेना. हीटमध्येच, म्हणजे प्राथमिक फेरीतच, बाहेर पडलो.

मीनाताई ठाकरे स्टेडियमवर सकाळी भेटणारी नवी पोरं-पोरी आजही हेच करायला निघतात, म्हणून हे लिहितोय.

शेवटच्या आठवड्यात ताकद वाढत नाही. आज उचललेल्या वजनाचं फळ यायला काही आठवडे लागतात. पण व्यायाम कमी केला म्हणून ती 10-15 दिवसांत जातही नाही. या काळात उतरतो तो थकवा, आणि त्याच्याखाली दबलेली ताकद वर येते. नव्या व्यायामाने होणारी अंगदुखी मात्र एक ते तीन दिवसांत सगळ्यात जास्त जाणवते. माझे लंजेस बरोबर शर्यतीच्या दिवशी भोवले.

उलट टोकाची चूकही पाहतो: ‘आता हलकं वजन, जास्त रेप्स.’ रेप म्हणजे एकदा वजन घेऊन खाली-वर होणं. यात रेप्स दमवतात आणि पायांची जोर लावायची सवय मोडते. वजन तसंच ठेवा, सेट कापा. 2007 साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यातही हेच दिसलं: दोन आठवडे सरावाचं प्रमाण 41 ते 60 टक्के कमी केलं आणि तीव्रता तशीच ठेवली, तर कामगिरी सगळ्यात जास्त सुधारते.

माझा हिशोब असा. एरवी 80 किलोवर पाच सेट, प्रत्येकी पाच रेप्स, म्हणजे 25. दोन आठवडे आधी तीन सेट, चार रेप्स, म्हणजे 12. शेवटच्या आठवड्यात 80 वरच दोन सेट, तीन रेप्स, म्हणजे सहा. हा शेवटचा जड दिवस शर्यतीच्या चार-पाच दिवस आधी. प्रत्येक रेप झपकन वर गेली पाहिजे. रॉड मध्येच रेंगाळायला लागला की तिथेच ठेवायचा, सेट अर्धा राहिला तरी चालेल. नवा व्यायाम एकही नाही. त्यानंतर फक्त मैदानावर थोड्या उड्या आणि दोन-चार छोटे स्प्रिंट.

रिकाम्या संध्याकाळी हात शिवशिवतात. माझ्याकडे सराव करणाऱ्या एका मुलीची पावलं रोज जिमकडे वळायची. तिला मी त्या वेळी गोदाघाटावर चालायला पाठवलं. जेवण मात्र तोडू नका.

स्पर्धा बालेवाडीला असेल तर एक दिवस आधीच पोहोचा. एसटीत पाच-सहा तास बसून कंबर आणि मांड्यांच्या मागचे स्नायू आखडतात. गाडी थांबेल तिथे उतरून चार पावलं चाला.

दर महिन्याच्या छोट्या स्पर्धांसाठी एवढं करायची गरज नाही, नाहीतर वर्षभर सेट कापण्यातच जाईल. तिथे आधीच्या दोन-तीन दिवसांची जड जिम सोडली तरी भागतं.