ड्रिल मशीनच्या बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) टेबलावर भरलेली पुटी निघून येते? माझा अनुभव

सातपूरच्या आमच्या शेडमधलं जुनं पिलर ड्रिल. बिडाच्या टेबलावर आधीच्यांनी पाडलेले दहा-बारा खड्डे. कडा उचललेल्या, त्यामुळे भोक पाडायला ठेवलेला जॉब डुलायचा. साध्या रॉडने वेल्डिंग केलं तर शेजारी तडा गेला, आणि ती जागा इतकी कडक की कानस घसरायची. इपॉक्सी पुटी दोनदा भरली, दोनदा खपलीसारखी निघाली. अक्षरशः वैताग!

दोष पुटीचा नव्हता. बिडातल्या ग्रॅफाइटच्या फटींत वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असतं.

शेवटी ब्लोलॅम्पने टेबल हाताला सोसणार नाही इतपत तापवलं. तेल घामासारखं वर आलं, ते पुसलं. ज्योत विझवून, टेबल गार झाल्यावरच अ‍ॅसिटोन. चार फेऱ्यांनंतर पांढरं फडकं स्वच्छ निघालं. मग बरने (फिरत्या दातेरी हत्याराने) खड्डा खरवडून तळ तोंडापेक्षा रुंद केला. पुटीचा पहिला पातळ थर घासून दाबला, बाकीची 1 मिमी वर राहील अशी भरली. नाशिकची जानेवारीतली थंडी, म्हणून दोन दिवस हात लावला नाही. नंतर कानस, शेवटी स्ट्रेट एजला (अचूक सरळ पट्टीला) निळी लावून टेबलावर घासली आणि जिथे निळा डाग उठला ते उंचवटे स्क्रेपरने उतरवले.

आरपार भोकं मात्र पुटीने भरू नका. रीमरने भोक नेमक्या मापाचं गुळगुळीत करून (रीम करून) त्यात हलक्या फिटचा, म्हणजे सहज सरकणारा, बिडाचाच प्लग चिकटवून बसवा.