एडीएचडी असलेल्या मुलाला चारचौघांत बोलायची भीती वाटते, तेव्हा काय करावे

इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या कोचिंगमध्ये डाउट विचारायच्या रांगेत मुलगा उभा राहतो आणि नंबर जवळ आला की परत फिरतो. घरी पाहुणे आले की गच्चीवर जाऊन बसतो. घरचे म्हणतात, लाजाळू आहे, मोठा झाला की होईल धीट. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याची आणि स्वतःला आवरता न येण्याची अडचण असेल, तर इतकं सोपं नसतं. सामाजिक भीतीच्या उपचारात सहसा शिकवतात की लोक तुला वाटतं तेवढं तुझ्याकडे बघत नसतात. या मुलाला ते पटत नाही, आणि त्याचं अगदीच चूक नसतं. तो खरोखर मधेच बोलतो, नावं विसरतो, उशिरा पोचतो, आणि लोक खरोखर टोकतात. म्हणून खरी चूक कुठली आणि नुसती भीती कुठली, हे आधी वेगळं करायचं. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

दोन आठवडे नोंद ठेवा

सविस्तर डायरी चौथ्या दिवशी बंद पडते. प्रसंगाला एकच ओळ: कुठे, भीती दहापैकी किती, काय होईल वाटलं, काय झालं. लिहायचा कंटाळा असेल तर मोबाइलवर दहा सेकंद बोलून ठेवलं तरी चालतं. उदाहरणार्थ:

‘मंगळवार, केमिस्ट्री, भीती ७. प्रश्न विचारला तर सगळे हसतील वाटलं. सरांनी उत्तर दिलं, कोणी वळूनही पाहिलं नाही.’

‘बुधवार, ग्रुप प्रोजेक्ट, भीती २. तिघांचं बोलणं तोडलं, एक जण चिडला.’

पहिली ओळ भीतीची, दुसरी एडीएचडीची. भीती प्रसंगाच्या आधी येते आणि प्रसंग टाळला की हायसं वाटतं. एडीएचडीत आधी काही वाटत नाही, ओशाळणं नंतर येतं. गप्प बसणारा प्रत्येक मुलगा घाबरलेला असतो असंही नाही. कधी संभाषणाचा धागाच सुटलेला असतो.

डॉक्टरांकडे जाताना

ही नोंद आणि शाळेच्या जुन्या प्रगतिपुस्तकांतले शेरे सोबत न्या. एडीएचडीच्या निदानासाठी लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून आणि किमान दोन ठिकाणी, म्हणजे घरीही आणि शाळेतही, दिसावी लागतात. सामाजिक भीती साधारण सहा महिने टिकलेली असावी लागते. इंदूरमध्ये एमवाय हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात दाखवता येतं. घराबाहेर पडायचीच भीती असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर फोन करून सुरुवात करा.

औषध काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. घरच्यांनी एवढं माहीत ठेवावं. मिथाइलफेनिडेट या एडीएचडीच्या औषधाने लक्ष सुधारतं आणि त्यामुळे चुका कमी होतात. साध्या गोळीचा असर साधारण चार तास राहतो. पण त्याने कधी छातीत धडधडतं, आणि मुलगा ती धडधड भीतीच समजतो. वर तीन कप चहा झाला असेल तर विचारूच नका. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद न करता गोळीची वेळ, धडधडीची वेळ आणि चहा लिहून डॉक्टरांना दाखवा. अ‍ॅटोमॉक्सेटिन या एडीएचडीच्या दुसऱ्या औषधाचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. भीतीसाठी सर्ट्रालिनसारखी औषधं देतात, त्यांनाही वेळ लागतो. त्याच गटातल्या फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिनमुळे अ‍ॅटोमॉक्सेटिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून आधीपासून चालू असलेली प्रत्येक गोळी सांगा. यांतलं कुठलंही औषध नव्याने सुरू केल्यावर पहिले काही आठवडे मुलाच्या मनःस्थितीवर नजर ठेवा. जीव नकोसा झाल्याची भाषा आली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा.

भीतीची शिडी

खरं काम इथे आहे. सात-आठ पायऱ्या मुलानेच लिहायच्या, भीती ३ पासून ९ पर्यंत. एका इंदुरी मुलाची शिडी अशी असू शकते: सकाळच्या गर्दीत पोह्यांच्या ठेल्यावर ‘भैया, सेव थोडी ज्यादा’ असं स्वतः म्हणणं (३). राजवाड्याजवळच्या दुकानात भाव विचारून काही न घेता बाहेर पडणं (४). क्लास सुटल्यावर सरांना एक डाउट विचारणं (५). तोच डाउट भर वर्गात विचारणं (७). गणपतीत आरतीनंतर प्रसादाची घोषणा करणं (८).

प्रत्येक वेळी आधी काय होईल वाटतं ते लिहा, नंतर काय झालं ते. आठवड्यातून तीन-चार वेळा एकच पायरी करा. भीती निम्म्यावर आली की वर चढा.

बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी. एक, कानात इअरफोन, हातात मोबाइल, नाहीतर मित्राला पुढे करणं. अशाने पायरी चढल्यासारखी दिसते, भीती मात्र तिथेच राहते. दोन, मुलगा विसरतो, आणि घरच्यांना वाटतं टाळतोय. त्याला वेळ बांधून द्या: क्लासला निघताना, अलार्म लावून, वाटेतला ठेला ठरवून. तिसरं एडीएचडीचं खास: तेच तेच करून तो कंटाळतो. अशा वेळी पायरी वाढवू नका, जागा बदला. आज हा ठेला, उद्या छप्पन दुकान.

खऱ्या चुकांवर

मधे बोलावंसं वाटलं की हातातल्या कागदावर एक शब्द लिहायचा. मुद्दा हरवणार नाही हे कळलं की थांबता येतं. बोलूनच गेलं तर ‘सॉरी, तुझं राहिलं, तू सांग’. धागा सुटला तर ‘शेवटचं परत सांगशील?’. ही वाक्यं घरी मोठ्याने दहा वेळा म्हणून घ्या.

आई-बाबांनी पाहुण्यांसमोर ‘एक गाणं म्हणून दाखव’ हे बंद करावं, आणि त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपण देणंही. शिक्षकांनी पहिले तीन-चार आठवडे प्रश्न आदल्या दिवशी सांगावा, मग तासाच्या सुरुवातीला, मग न सांगता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर भीती पुन्हा वाढलेली दिसेल. दोन पायऱ्या खाली उतरून तिथून सुरू करा.