व्हीनस फ्लायट्रॅपवरचा लाल कोळी असा घालवला

एप्रिलच्या कोरड्या हवेत माझ्या फ्लायट्रॅपच्या, म्हणजे कीटक पकडून खाणाऱ्या झाडाच्या, पानांवर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके पडले, नवी पानं खुरटली. भिंगातून पाहिलं तर पानामागे बारीक जाळी आणि तिच्यात फिरणारे लालसर कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड! साबणपाणी मी टाळलं, ही झाडं नाजूक असतात. खराब पानं कापून टाकली, कुंडीतलं मॉस (शेवाळ) तरंगू नये म्हणून कुंडीच्या तोंडावर फडकं बांधलं आणि अख्खं झाड साठवलेल्या पावसाच्या पाण्यात सुमारे ४८ तास बुडवून ठेवलं. नळाचं पाणी नकोच, त्यातले क्षार याच्या मुळांना सोसत नाहीत. अंडी पाण्यातूनही वाचू शकतात, म्हणून आठवड्याने पुन्हा तेच केलं. नवे सापळे (कीटक पकडणारी पानं) आता स्वच्छ येताहेत. शेजारच्या कुंड्याही भिंगाने जरूर तपासा, कोळी तिकडे सहज पसरतो.