पणती आणि ‘शुभ दीपावली’: इंक/स्टिचमध्ये तोरणाचं डिझाइन

भरतकामाच्या मशीनची रिंग (कापड ताणून धरणारी चौकट) 100×100 मिमी असेल तर डिझाइन 90 मिमीच्या आत बसवा. वर पणती, खाली एका ओळीत अक्षरं. इंकस्केप हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर आणि त्यातलं, चित्राचे टाके बनवणारं इंक/स्टिच हे एक्स्टेन्शन, दोन्ही मोफत आहेत.

पणतीचं चित्र खालच्या लेयरवर लॉक करून पेन टूलने स्वतः गिरवा. चित्र आपोआप गिरवणाऱ्या ‘ट्रेस बिटमॅप’चा मोह टाळा. त्यातून शेकडो बारीक तुकडे निघतात आणि मशीन दर मिनिटाला धागा कापत बसतं.

पणतीच्या पोटाला आउटलाइन न देता नुसता रंग भरला की तो फिल (टाक्यांच्या ओळींनी भरलेला भाग) होतो. पॅराम्समध्ये (इंक/स्टिचच्या टाक्यांच्या सेटिंगमध्ये) ओळींमधलं अंतर 0.25 मिमी असतं. पातळ सुती कापडावर ते 0.35 करा, नाहीतर पोट पुठ्ठ्यासारखं कडक होतं. अंडरले (मुख्य टाक्यांखालचा आधाराचा थर) चालू ठेवा. टाके ज्या दिशेने जातात त्या दिशेला कापड ओढलं जातं. आडव्या टाक्यांचं गोल पोट म्हणूनच अरुंद आणि उंच शिवून येतं, आणि काठाशी पांढरी फट दिसते. 0.3 मिमी पुल कॉम्पेन्सेशन (ओढ भरून काढायला आकार थोडा वाढवणं) द्या आणि पोट काठाखाली 1 मिमी सरकवा.

काठ सॅटिनचा (एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणारे जवळजवळचे टाके), 3 मिमी रुंद. ज्योत मधोमध 9 मिमी होत असेल तर सॅटिन नको. 7 मिमीच्या पुढचे टाके सैल राहतात, बांगडीत अडकतात. तिथे 45 अंशांचा फिल घ्या आणि आत पिवळी छोटी ज्योत सॅटिनची.

खरी परीक्षा अक्षरांची. जाड-बारीक वळणाचा फॉन्ट पडद्यावर देखणा दिसतो, पण त्याची बारीक रेघ 1 मिमीच्या आत गेली की सॅटिन तिथे गाठी धरतं. सारख्या जाडीचा फॉन्ट घ्या, रेघ किमान 1.2 मिमी ठेवा. ‘भ’च्या गाठीतली पोकळी शिवताना बुजते, म्हणून ती आधीच थोडी मोठी काढा. शिरोरेषा अक्षरांपासून वेगळी करून एकच लांब सॅटिन पट्टी करा आणि ती शेवटी शिवा. आधी अक्षरं, काने, वेलांट्या, ‘शु’चा उकार; सगळ्यांची वरची टोकं रेषेखाली अर्धा मिमी घुसलेली असावीत. उलट क्रमाने शिवलं तर रेषेवर प्रत्येक अक्षराचं टोक उठलेलं दिसतं.

ऑब्जेक्ट्सच्या यादीत जे खाली ते आधी शिवलं जातं. क्रम असा: पोट, काठ, ज्योत, अक्षरं, शिरोरेषा. सिम्युलेटरमध्ये एकदा सावकाश पाहा. लांब उड्या तिथेच कळतात.

एसव्हीजी (इंकस्केपची मूळ फाइल) जपून ठेवा, दुरुस्ती त्यातच करायची. मशीनप्रमाणे पीईएस, जेईएफ किंवा डीएसटी प्रकारची भरतकामाची फाइल काढा. डीएसटीत धाग्यांचे रंग साठत नाहीत, तेव्हा क्रम कागदावर लिहा.

चाचणी त्याच कापडावर, त्याच बकरमवर (कापडाखालचं आधाराचं अस्तर), 75/11 सुई आणि 40 नंबर धाग्याने. बॉबिनचा पांढरा धागा वर डोकावला तर आधी वरचा ताण सैल करा. कापड चुरगळलं तर रिंगमध्ये ते ढिलं बसलंय का ते बघा, आणि मगच टाक्यांची दाटी कमी करा.