बचावमोहीम संपल्यावर पथकाकडून माहिती कशी घ्यावी

सह्याद्रीतल्या कड्यावरून जखमी ट्रेकरला खाली आणून रुग्णवाहिकेत ठेवले की पथकाच्या लेखी मोहीम संपते; अहवाल लिहिणाऱ्याचे काम तिथून सुरू होते. ते आठवडाभर लांबवू नये, पण भिजलेल्या आणि उपाशी माणसाला वही घेऊन गाठूही नये. आधी कोरडे कपडे, चहा आणि पोटात चार घास जाऊ द्यावेत. तेवढ्या वेळात वॉकीटॉकीवरच्या नोंदी, फोनमधील कॉल व छायाचित्रांच्या वेळा आणि जीपीएसचा माग एकत्र करून ठेवावा, कारण थकलेल्या माणसाला घटना आठवतात, त्यांच्या वेळा क्वचितच बरोबर आठवतात.

पहिली फेरी प्रत्येकाशी वेगवेगळी करावी. सगळे एकत्र बसले की पथकातील अनुभवी माणूस बोलू लागतो आणि इतरांच्या आठवणी नकळत त्याच्या सांगण्याशी जुळत जातात. पहिल्यांदाच बिले देणाऱ्या, म्हणजे चढणाऱ्या-उतरणाऱ्याचा सुरक्षादोर धरणाऱ्या, पोराने काहीतरी वेगळे पाहिलेले असले, तरी तो ते गिळून टाकतो. हे बोलणे दोष शोधण्यासाठी नाही, असे सुरुवातीलाच सांगावे. मात्र गुप्ततेचे वचन देऊ नये: मृत्यू झाला असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार पोलिसांची चौकशी होते, आणि आपला अहवालही मागितला जाऊ शकतो.

सुरुवात एकाच वाक्याने करावी: "निरोप मिळाला तिथपासून, आठवेल तसे सांगा." त्यानंतर मध्ये बोलू नये. सांगणारा थांबला तरी काही क्षण गप्प राहावे; पुष्कळदा कामाची गोष्ट त्या शांततेनंतरच येते. प्रश्न दुसऱ्या टप्प्यात विचारावेत आणि त्यांचे शब्द जपून निवडावेत. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मोटार अपघाताच्या त्याच चित्रफिती पाहिलेल्यांपैकी ज्यांना गाड्या "आदळल्या" तेव्हाचा वेग विचारला, त्यांनी तो गाड्या "लागल्या" असे विचारलेल्यांपेक्षा जास्त सांगितला. म्हणून "दोर कधी घसरला?" असे न विचारता "दोराचे पुढे काय झाले?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नात दोर घसरल्याचे आपणच ठरवून टाकलेले असते.

लिहिताना स्वतः पाहिलेले, दुसऱ्याकडून ऐकलेले आणि अंदाजाने ताडलेले असे तीन प्रकार वेगळे ठेवावेत. "अँकर कमकुवत होता" (अँकर म्हणजे दोर ज्याला बांधतात तो आधार) या वाक्यापाशी थांबून, हे कशावरून वाटले, ते विचारावे. गावातला वाटाड्या घड्याळाची वेळ सांगेलच असे नाही; तो "गुरे परतत होती तेव्हा" म्हणेल. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्यावेत आणि शेजारी आपला अंदाज कंसात द्यावा; परस्पर "सायंकाळी ६" असे लिहिणे ही खोटी अचूकता ठरते. मृतदेह हाताळलेल्या सदस्याला तपशिलासाठी टोकू नये. अहवालाला लागणारी बरीचशी माहिती इतरांकडून मिळते.

एकत्र बैठक त्यानंतर घ्यावी. काय ठरले होते, प्रत्यक्षात काय झाले, तसे का झाले आणि पुढच्या वेळी काय करायचे, हा अमेरिकी सैन्यात रुळलेला क्रम इथेही चालतो, मात्र "का"वर येण्याची घाई करू नये. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याचे इतिहासकार एस. एल. ए. मार्शल यांनी लढाईनंतर सैनिकांच्या सामूहिक मुलाखती घेण्याची पद्धत रूढ केली. परंतु चकमकीत फार थोडे सैनिक प्रत्यक्ष गोळीबार करतात, या त्यांच्या प्रसिद्ध निष्कर्षाला त्यांच्या टिपणवह्यांत आधार सापडत नाही, असा आक्षेप पुढे अभ्यासकांनी घेतला. तेव्हा कच्ची टिपणे तारखेसह जपून ठेवावीत आणि दोघांच्या सांगण्यात तफावत असेल तर ती मिटवण्याऐवजी दोन्ही बाजू अहवालात नोंदवाव्यात.

शेवटी प्रत्येकाला त्याचा मजकूर वाचून दाखवावा. इथे हमखास दुरुस्ती होते ती जागांच्या नावांची: नकाशावर एक नाव असते, गावकऱ्यांच्या तोंडी दुसरेच. दोन्ही लिहावीत, कारण पुढच्या वेळी रात्री येणारे पथक वाट विचारणार आहे ते गावकऱ्यांनाच.