शोधनिबंधात एआय वापरताय? आधी एक तक्ता उघडा

शोधनिबंध नियतकालिकाला सादर करायच्या पोर्टलवर सगळ्या फायली चढवून झाल्या, की अगदी शेवटी एक प्रश्न येतो: या कामात जनरेटिव्ह एआय (म्हणजे चॅटजीपीटीसारखं मजकूर किंवा चित्रं तयार करून देणारं साधन) वापरलं आहे का? असल्यास कुठे आणि कशासाठी? गेल्या वर्षी आम्ही चौघं सहलेखक याच प्रश्नापाशी अडलो. मुदत संपायला दोन तास उरले होते. सारांश मी चॅटबॉटकडून छाटून घेतला होता. एकीने विश्लेषणाचा पायथन कोड त्याच्याकडून दुरुस्त करून घेतला होता, पण नेमका कधी आणि कोणत्या मॉडेलकडून, हे तिला आठवेना. तिसरा म्हणाला, "मी फक्त व्याकरण बघितलं." आमचे सर सगळ्यांकडे आळीपाळीने बघत म्हणाले, "म्हणजे मी सोडून सगळ्यांनीच?"

त्या रात्री जे आठवलं ते लिहिलं आणि निबंध पाठवला. पण एक कळलं, की एआयचे नियम शेवटच्या रात्री पाळता येत नाहीत. म्हणून आता आम्ही पहिल्या दिवसापासून काय करतो, ते क्रमाने सांगतो.

पायरी १: नियतकालिकाचा नियम वाचा आणि तारीख घालून जपून ठेवा

एका बाबतीत आता कुठेच वाद राहिलेला नाही. एआय लेखक होऊ शकत नाही. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं आणि पुढच्या काही आठवड्यांतच त्याचं नाव लेखकांच्या यादीत छापलेले निबंध दिसू लागले. जानेवारी २०२३ मध्ये 'नेचर' आणि 'सायन्स' या दोन्ही नियतकालिकांनी ते बंद केलं. फेब्रुवारीत प्रकाशननीतीचं काम पाहणाऱ्या 'कोप' या संस्थेने तीच भूमिका घेतली आणि मे महिन्यात वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने, म्हणजे आयसीएमजेईने, आपल्या शिफारशींत ती घातली. कारण साधं आहे. लेखक म्हणजे उद्या कोणी बोट ठेवलं तर उत्तर द्यायला उभा राहणारा माणूस. चॅटबॉट सही करत नाही, हितसंबंध जाहीर करत नाही आणि चूक निघाली तर खुलासाही पाठवत नाही.

यापुढे मात्र प्रत्येक प्रकाशनसंस्थेचा नियम निराळा. स्प्रिंगर नेचर म्हणतं, तुम्हीच लिहिलेल्या मजकुराचं व्याकरण, शुद्धलेखन, शैली सुधारून घेतली तर सांगायची गरज नाही. त्यापलीकडचा वापर असेल तर तो संशोधनपद्धतीच्या भागात लिहा. एल्सव्हिअरला संदर्भसूचीच्या आधी एक स्वतंत्र निवेदन लागतं, मात्र निव्वळ स्पेलिंग-व्याकरणाच्या तपासणीला त्यातून सूट आहे. 'सायन्स'ने आधी एआयने लिहिलेल्या मजकुरावर सरसकट बंदी घातली होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये ती सैल केली, पण सोबत अट घातली: वापरलेला पूर्ण प्रॉम्प्ट (म्हणजे साधनाला टाइप करून दिलेली सूचना), साधनाचं नाव आणि आवृत्ती द्या.

पूर्ण प्रॉम्प्ट! सहा महिन्यांपूर्वी चॅटच्या खिडकीत काय टाइप केलं होतं, ते सांगा बघू.

नियम असे बदलत असतात, त्यामुळे ज्या नियतकालिकाकडे पाठवायचं ठरलंय त्याचं 'लेखकांसाठी सूचना' हे पान पीडीएफ करून ठेवा आणि फाईलच्या नावात तारीख घाला. निबंध एका ठिकाणी नाकारला जाऊन दुसरीकडे गेला, तर पान पुन्हा वाचायचं. तिथे सूट होती म्हणून इथेही असेल, असं धरून चालू नका.

पायरी २: सामायिक तक्ता उघडा

चारही सहलेखकांना लिहिता येईल असा साधा एक्सेलचा तक्ता पुरतो. त्यात तारीख, कोणी, कोणतं साधन आणि आवृत्ती, कशासाठी, प्रॉम्प्ट, आणि आलेल्या उत्तराचं पुढे काय केलं, एवढे रकाने. आमच्या सध्याच्या तक्त्यातली एक ओळ अशी आहे: "१४ तारीख. चर्चेच्या भागातला तिसरा परिच्छेद १८० शब्दांवरून १२० वर आणायला सांगितला. उत्तरात 'सिद्ध होते' असं आलं होतं. आमच्या आकड्यांवरून तेवढं म्हणता येत नाही, म्हणून 'सूचित होते' असं परत केलं."

शेवटचा रकाना सगळे कंटाळून रिकामा सोडतात, आणि तोच सर्वांत कामाचा आहे. भाषा गुळगुळीत करताना ही साधनं दावा हळूच फुगवतात. 'काही रुग्णांत' याचं 'रुग्णांत' होतं, 'संबंध आढळला' याचं 'परिणाम झाला' होतं. वाक्य आधीपेक्षा बरं वाचलं जातं, म्हणून नजर अडखळतही नाही. छाटलेला परिच्छेद मूळ परिच्छेदाशेजारी ठेवून क्रियापदं तेवढी ताडून बघा.

भाषांतराचं काय, असं बरेच जण विचारतात. मातृभाषेत लिहून चॅटबॉटकडून इंग्रजी करून घेणं हे माझ्या मते व्याकरण तपासण्यात मोडत नाही, कारण शब्दांची निवडच त्याने केलेली असते. तक्त्यात लिहा आणि निवेदनातही लिहा.

पायरी ३: साधनात काय टाकायचं नाही, ते आधीच ठरवा

रुग्णांची किंवा मुलाखत दिलेल्यांची ओळख पटेल असा मजकूर नाही. करार करून मिळवलेला डेटा नाही. दुसऱ्याचं अप्रकाशित हस्तलिखित तर मुळीच नाही. नावं काढली म्हणजे झालं, असंही नव्हे. वय, गाव आणि दुर्मिळ आजार एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो. तुमच्या संशोधनाला नैतिक समितीची मान्यता असेल तर संमतिपत्रात डेटा कुठे जाईल म्हणून लिहिलंय, ते काढून वाचा. तिथे बाहेरच्या सर्व्हरचा उल्लेख नसेल, तर प्रश्न तिथेच मिटला.

पायरी ४: प्रत्येक संदर्भ हाताने उघडा

निम्मा वेळ इथे जाऊ द्या. चॅटबॉट संदर्भ शोधून आणतोच असं नाही, पुष्कळदा तो संदर्भासारखं दिसणारं काहीतरी रचतो. क्षेत्रातल्या खऱ्या संशोधकाचं नाव, खरं नियतकालिक, पटेल असं शीर्षक, पटेल असं वर्ष, आणि असा निबंध मात्र अस्तित्वातच नाही. आणि सगळे सुटे भाग ओळखीचे असल्याने जाणकारही फसतो.

तपासायचं असं. डीओआय, म्हणजे प्रत्येक प्रकाशित निबंधाला मिळणारा कायमचा ओळख-क्रमांक, थेट डीओआयच्या संकेतस्थळावर टाका. पान उघडलं नाही, तर संशय धरा. उघडलं, तरी तेवढ्यावर थांबू नका. मला एकदा असा क्रमांक मिळाला होता जो अगदी खरा होता, फक्त तो भलत्याच विषयावरच्या निबंधाचा होता. म्हणून शीर्षक, लेखक, वर्ष, खंड आणि पानं एकेक करून जुळवा. क्रमांकच नसेल, तर पूर्ण शीर्षक अवतरणचिन्हांत घालून क्रॉसरेफ (डीओआय नोंदवणारी संस्था) आणि गुगल स्कॉलरवर शोधा. मग निबंध उघडा आणि ज्या वाक्याला तो जोडलाय ते त्यात खरंच म्हटलंय का, हे वाचा. हे वाचणं टाळता येत नाही. खरा निबंध, आणि त्याच्या तोंडी न म्हटलेलं विधान, हा प्रकार बनावट संदर्भापेक्षा पकडायला अवघड असतो.

जाता जाता निबंध मागे घेतला गेला आहे का, तेही बघून घ्या. मागे घेतलेल्या निबंधांची रिट्रॅक्शन वॉचने केलेली यादी सप्टेंबर २०२३ पासून क्रॉसरेफकडे आहे आणि सर्वांना खुली आहे.

पायरी ५: चित्रं आणि आकृत्या शक्यतो एआयकडून करू नका

फेब्रुवारी २०२४ मध्ये फ्रंटियर्स प्रकाशनाच्या पेशीजीवशास्त्राच्या एका नियतकालिकात एका उंदराचं चित्र छापून आलं. जननेंद्रिय शरीरापेक्षा मोठं, आणि भागांना दिलेली नावं कोणत्याच भाषेत नसलेली. समाजमाध्यमांवर हसं झालं आणि काही दिवसांतच निबंध मागे घेतला गेला. यातली लक्षात ठेवायची गोष्ट ही, की चित्रं मिडजर्नी या एआय साधनाने केल्याचं लेखकांनी निबंधात प्रामाणिकपणे लिहिलं होतं. नोंद केली, तरी चूक ती चूकच राहते. शिवाय कित्येक नियतकालिकांत एआयने बनवलेल्या चित्रांना मुळातच परवानगी नाही. संशोधनाचा विषयच एआय-चित्रं हा असेल, तर गोष्ट वेगळी. तरी संपादकांना आधी पत्र टाका.

आलेख मात्र स्वतःच्या डेटावर, स्वतः चालवलेल्या कोडने काढलेला असेल आणि कोड लिहायला एआयची मदत घेतली असेल, तर हरकत नसते. तो कोड ओळीओळीने समजून घ्या, निबंधासोबत द्या आणि पद्धतीच्या भागात तसं लिहा.

पायरी ६: निवेदन लिहा

आयसीएमजेईच्या शिफारशीनुसार वापराचा उल्लेख कव्हर लेटरमध्येही (निबंधासोबत संपादकांना पाठवायच्या पत्रात) हवा आणि निबंधातही. लिखाणाला मदत घेतली असेल तर तो ऋणनिर्देशात करायचा, डेटा गोळा करणं, विश्लेषण किंवा आकृत्या यांसाठी असेल तर पद्धतीत. ऋणनिर्देशात चॅटबॉटचे 'मनःपूर्वक आभार' मानलेले मी पाहिले आहेत. त्याची काही गरज नाही.

'भाषा सुधारण्यासाठी एआयचा वापर केला' असं पुष्कळ जण लिहितात. यातून संपादकाला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: "सारांश आणि चर्चेचा तिसरा परिच्छेद यांची शब्दसंख्या कमी करण्यासाठी अमुक साधन, अमुक आवृत्ती, अमुक महिन्यात वापरली. विश्लेषणाच्या कोडमधील दोन चुका याच साधनाच्या मदतीने शोधल्या. सर्व मजकूर आणि कोड लेखकांनी तपासला असून त्याची जबाबदारी लेखकांची आहे." तक्ता भरलेला असेल, तर हे दहा मिनिटांचं काम आहे. पाठवण्याआधी सगळ्या सहलेखकांनी ते वाचावं, कारण जबाबदारी सगळ्यांच्या नावावर जाते, त्या 'मी सोडून' म्हणणाऱ्या सरांच्याही.

आणि एकदा शांतपणे पूर्ण निबंध वाचून काढा. २०२४ साली एल्सव्हिअरच्या 'सर्फेसेस अँड इंटरफेसेस'मध्ये लिथियम बॅटरीवरचा एक निबंध आला. 'नक्कीच, तुमच्या विषयासाठी ही एक संभाव्य प्रस्तावना' अशा अर्थाच्या वाक्याने त्याची प्रस्तावना सुरू होत होती. लेखक, समीक्षक, संपादक, सगळ्यांच्या हातून तो गेला होता. पुढे तो मागे घ्यावा लागला.

पायरी ७: दुसऱ्याच्या निबंधाचे समीक्षक तुम्हीच असाल तर

आलेलं हस्तलिखित चॅटबॉटवर चढवू नका. ते तुमच्याकडे विश्वासाने दिलेलं असतं. अमेरिकेच्या एनआयएचने, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला अनुदान देणाऱ्या सरकारी संस्थेने, जून २०२३ मध्येच अनुदान-प्रस्तावांच्या समीक्षकांना जनरेटिव्ह एआय वापरायला मनाई केली. स्वतःच लिहिलेल्या अभिप्रायाची भाषा तपासून घ्यायची असेल, तरी नियतकालिकाला विचारून घ्या, कारण त्या अभिप्रायातही निबंधातला मजकूर असतो.

पायरी ८: आरोप आलाच तर

समजा संपादकांचं पत्र आलं, की तुमचा मजकूर एआयने लिहिल्यासारखा वाटतो. घाबरू नका, चिडूनही उत्तर देऊ नका. मजकूर कोणी लिहिला हे ओळखणारी साधनं कच्ची आहेत. चॅटजीपीटी बनवणाऱ्या खुद्द ओपनएआयने आपलं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. त्याच वर्षी 'पॅटर्न्स' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात अशा सात साधनांना टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले निबंध दिले गेले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या माणसांनी लिहिलेले हे निबंध, आणि त्यांतले सरासरी ६१ टक्के या साधनांनी यंत्राच्या खात्यावर टाकले. साधी, मोजकी वाक्यं लिहिणाऱ्यावरच संशय जास्त येतो, हा त्यातला वाईट भाग.

उत्तरात टक्केवारीवर वाद घालण्यापेक्षा कागद पुढे करा: गुगल डॉक्स किंवा वर्डमधला आवृत्त्यांचा इतिहास, तारखांचे कच्चे मसुदे, मार्गदर्शकांनी लाल शाईत केलेल्या दुरुस्त्या, आणि तो तक्ता. तक्ता पाठवताना त्यातली अडचणीची ओळ गाळू नका. आमच्या त्या निबंधाबाबत संपादकांनी कोडच्या मदतीबद्दल एकच शंका विचारली होती, आणि तेव्हा आमच्याकडे दाखवायला तक्ता नव्हता. सहकारिणीने जुन्या चॅटमध्ये शोधाशोध करून तीन दिवसांनी तारीख काढली. आवृत्ती शेवटपर्यंत सापडली नाही, म्हणून 'नोंद ठेवलेली नाही' असं लिहून कळवलं, आणि ते वाक्य निबंधात तसंच छापलं गेलं.